आधी मोरीचं दार मोजा, मग सेंटर शोधा

प्रश्न : शिवाजी पेठेतल्या जुन्या घरात आम्ही राहतो. आई ७३ वर्षांची आहे. सोळा दिवसांपूर्वी पहाटे मोरीत घसरून पडली आणि डाव्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन करून डॉक्टरांनी बायपोलर बॉल बसवला. टाके परवा निघाले. आता घरात रोज वाद आहे. पुण्याची ताई म्हणते, महिनाभर तिकडच्या रिहॅब सेंटरमध्ये ठेवू, खर्च मी करते. आत्या म्हणतात, हाड जुळेपर्यंत तीन महिने हलवू नका, तालमीतल्या माणसाकडून मालीश करून घ्या. आईला सेंटर म्हणजे वृद्धाश्रम वाटतो. 'मला कुठं न्हेऊन टाकू नगा रं' म्हणून रडते. फिजिओ एक दिवसाआड येतो, वीस मिनिटं मशीन लावतो आणि जातो. आई पॉटवरच आहे. रात्री कधीकधी भलतंच बोलते. माझी बायको शाळेत शिक्षिका आहे. घरी ठेवायचं झालं तर ती नोकरी सोडायला तयार आहे. घरी ठेवावं की सेंटरमध्ये? आणि पुतण्याचा हात शिरोलीच्या कारखान्यात मशीनमध्ये सापडून दोन बोटांच्या शिरा तुटल्या होत्या, तीन आठवड्यांपूर्वी जोडल्यात. हाच फिजिओ त्यालाही चालेल का?

उत्तर :

तुमचं पूर्ण पत्र दोनदा वाचलं. पुण्याला ठेवू, घरी ठेवू, पडून ठेवू, पॉटवर ठेवलंय, असं 'ठेवणं' त्यात पुन्हा पुन्हा येतं. आईनं चालण्याबद्दल मात्र एकही वाक्य नाही. घर की सेंटर हा प्रश्न खोटा नाही, पण तो दुसरा प्रश्न आहे. पहिला असा, की दोन महिन्यांनी आईला स्वतःच्या बळावर काय काय करता यायला हवं? पलंगावरून उठणं, संडासला जाणं, आंघोळ, दोन उंबरठे ओलांडणं. ही यादी कागदावर आली की कुठला कार्यक्रम तिला पुरेल ते बऱ्याच अंशी आपोआप ठरतं.

आधी तीन महिन्यांच्या विश्रांतीचं बघू, कारण सध्या सगळ्यात जास्त नुकसान तिनंच होतंय. बायपोलरमध्ये मांडीच्या हाडाचा मोडलेला वरचा गोळा काढून टाकतात आणि त्या जागी धातूचा गोळा बसवतात. म्हणजे तुमच्या आईच्या खुब्यात जुळायला वाट बघणारं मोडकं हाड उरलेलंच नाही. आत्यांची काळजी खरी आहे, पण ती दुसऱ्या ऑपरेशनची आहे. ज्यांचं हाड थोडं खाली मोडतं आणि आत रॉड किंवा प्लेट घालतात, त्यांचं हाड जुळायला तीन-चार महिने लागतात. त्यांनाही आता बहुतेक वेळा लवकर उभं करतात, फक्त पायावर किती भार द्यायचा ते एक्स-रे बघून सर्जन ठरवतो. बायपोलरच्या पेशंटला साधारणपणे दुसऱ्या दिवशीच वॉकर देऊन उभं केलं जातं.

डिस्चार्ज कार्ड काढा. त्यावर 'एफडब्ल्यूबी' म्हणजे पूर्ण भार, 'डब्ल्यूबीएटी' म्हणजे सोसेल तेवढा भार, 'पीडब्ल्यूबी' म्हणजे थोडा भार आणि 'एनडब्ल्यूबी' म्हणजे पाय टेकायचाच नाही. यातलं काहीच लिहिलेलं नसेल तर उद्या सर्जनला फोन करून दोनच गोष्टी विचारा. पायावर भार किती द्यायचा, आणि चीर मागच्या बाजूनं घेतली होती का? दुसऱ्या प्रश्नाचं कारण पुढे येईल. शेजारच्यांच्या काकूंना काय सांगितलं होतं ते मात्र कुणाला विचारू नका.

अंथरुण वयस्कर माणसाला फार महाग पडतं. धडधाकट ज्येष्ठांनासुद्धा दहा दिवस अंथरुणावर झोपवून ठेवलं तर दोन्ही पायांचे मिळून जवळपास किलोभर स्नायू झडतात, हे मोजलेलं आहे. तुमच्या आईचे सोळा दिवस गेलेत. शिवाय छातीत कफ साठतो, पाठीला-टाचेला जखमा होतात, पोटरीच्या शिरेत रक्ताची गुठळी होते.

मालीश नको. कोल्हापुरात तालीम आणि मालीश यांचा मान मोठा आहे आणि निरोगी पैलवानाच्या थकलेल्या अंगाला ती मानवतेही. पण ऑपरेशन झालेल्या पायाच्या पोटरीत गुठळी असेल आणि ती चोळली गेली तर सुटून फुप्फुसात जाऊ शकते. पाय ओढून, पिळून 'बसवायला' गेलं तर बसवलेला गोळा निखळतो. तालमीतून घ्यायचंच असेल तर वस्तादाची दुसरी पद्धत घ्या. दुखापतीतून उठलेल्या पोराला तो पहिल्या दिवशी हजार बैठका मारायला लावत नाही. पाचावर सुरू करतो, रोज थोड्या वाढवतो आणि खुराकावर नजर ठेवतो. खुब्याच्या ऑपरेशननंतरचं पुनर्वसनही याच चालीनं जातं.

आता वीस मिनिटांच्या मशीनबद्दल. टेन्स किंवा आयएफटीसारखी करंटची मशीन तात्पुरतं दुखणं कमी करते. स्नायू त्यानं भरत नाहीत, तोल सुधारत नाही. 'एसडब्ल्यूडी' नावाचं खोलवर शेक देणारं मशीन तर धातूचा सांधा असलेल्या जागी लावायचंच नसतं, धातू तापून आतला भाग भाजू शकतो. कुठलं मशीन लावलं जातंय ते नावानिशी विचारा. भेटीतली बहुतेक मिनिटं आई पलंगावरून उठण्यात, उभं राहण्यात आणि चालण्यात जायला हवीत. जाताना फिजिओनं पुढच्या भेटीपर्यंतचा व्यायाम आकड्यांसह लिहून द्यायला हवा. तसं स्पष्ट सांगून एक आठवडा द्या. नाही जमलं तर माणूस बदला. नव्या माणसाला पदवी आणि महाराष्ट्राच्या व्यवसायोपचार (रोजची कामं पुन्हा शिकवणारी ऑक्युपेशनल थेरपी) व भौतिकोपचार (फिजिओथेरपी) परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका, नोंदणी असलेला माणूस लगेच सांगतो.

पूर्ण भाराची परवानगी आहे असं धरून, या आठवड्यात घरात काय चालू हवं ते सांगतो. दुखण्याची गोळी लिहून दिलेली असेल तर ती व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी पडेल अशी वेळ डॉक्टरांना विचारून लावा. दुखतंय म्हणून हलत नाही आणि हलत नाही म्हणून आखडून जास्त दुखतं, हे चक्र त्यानं तुटतं.

पडल्या पडल्या, जागेपणी दर तासाला, दोन्ही पावलं वीस वेळा वर-खाली. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा खाली दाबायचा, पाच अंक मोजायचे, सोडायचं, असं दहा वेळा. टाच गादीवरून सरकवत पाय जवळ घ्यायचा आणि लांब करायचा, दहा वेळा. खुर्चीत बसून गुडघा सरळ करून पाच अंक धरायचा, दहा वेळा. दर तासाची पावलं सोडून बाकीचं दिवसातून तीनदा, दर वेळी पंधरा मिनिटांत होतं.

खरा व्यायाम मात्र खुर्चीतून उठणं हा आहे, कारण संडासला जायचं तर पहिली परीक्षा तीच. हात असलेली, उंच, न डुगडुगणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. आईनं पुढे सरकून कडेला बसायचं, डावा पाय थोडा पुढे, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर, आणि रेटा देऊन उठायचं. वॉकर धरून स्वतःला ओढत उठू देऊ नका. वॉकर अंगावर उलटतो, आणि घरोघरी होणारी चूक हीच. उठल्यावर दहा अंक उभं राहायचं, मग हात वॉकरवर. बसताना मागे सरकत खुर्ची पोटऱ्यांना लागली की हात मागे न्यायचे आणि हळू टेकायचं, धपकन नाही. आज पाच वेळा, दिवसातून तीनदा. आठवड्यानं आठ वेळा.

चालणं एकदाच लांब नको. दिवसातून पाच-सहा वेळा, थोडं थोडं. पलंग ते दार, दार ते ओटा. क्रम असा : आधी वॉकर, मग ऑपरेशनचा पाय, मग चांगला पाय. पायरी आली तर चढताना चांगला पाय आधी आणि उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. पहिले काही दिवस पायरी फिजिओ शेजारी असतानाच. आधार देणाऱ्यानं काखेत हात घालून उचलायचं नाही, त्यानं खांदा दुखावतो. कमरेला रुंद कापडी पट्टा बांधून मागून तो धरायचा आणि ऑपरेशनच्या बाजूला किंचित मागे उभं राहायचं. स्वयंपाकाच्या ओट्याला धरून पाय बाजूला उचलणं, मागे नेणं आणि टाचा उचलणं, प्रत्येकी दहा, हे पुढच्या आठवड्यात सुरू करा. बाजूला पाय उचलणारा स्नायू कमकुवत राहिला की माणूस झुलत चालतो आणि ती झूल वर्षभर जात नाही.

किती दुखलं तर थांबायचं? दहापैकी तीन-चार इतकं दुखणं आणि तास-दोन तासांत ओसरणं, हे चालतं. दुसऱ्या सकाळी कालपेक्षा जास्त दुखतंय, सूजही वाढलीय, तर त्या दिवशी सगळं निम्म्यावर आणा, बंद करू नका. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज तीन आकडे लिहा. किती वेळा उठली, किती वेळा चालली, संडासला पॉट किती वेळा लागला. फिजिओला 'बरं आहे' सांगण्यापेक्षा हे आकडे दाखवलेले बरे. आणि आठवड्यातून एकदा खुर्चीतून उठून तीन मीटर चालून वळून परत येऊन बसायला किती सेकंद लागतात ते मोबाईलवर मोजा. सुरुवातीला चाळीस-पन्नास लागले तरी बिघडत नाही. बारा सेकंद किंवा त्याहून जास्त लागतात तोवर पडण्याचा धोका आहे असं धरून चालायचं. वॉकर सुटून काठी साधारण सहा आठवड्यांनी येते. ती उजव्या हातात, म्हणजे ऑपरेशनच्या विरुद्ध बाजूला. गावात निम्म्या काठ्या चुकीच्या हातात दिसतात.

चीर मागून घेतली असेल तर बारा आठवडे, किंवा सर्जन सांगेल तितके दिवस, तीन गोष्टी टाळायच्या : खुबा काटकोनापेक्षा जास्त वाकवणं, पायावर पाय टाकणं आणि पाय आतल्या बाजूला वळवणं. आपल्या घरात याचा अर्थ पाट नाही, मांडी नाही, उकिडवं नाही, जमिनीवरची गादी नाही, खाली वाकून चप्पल नाही, देवपूजा खुर्चीत. कुशीवर झोपताना गुडघ्यांमध्ये जाड उशी. एकदम कळ येऊन पाय आखूड दिसायला लागला आणि पाऊल आत वळलं, तर गोळा निखळलाय. पाय न ओढता तसंच हॉस्पिटल गाठायचं.

आता तुमचं घर. जुन्या पेठेतली घरं माणसांना प्रेमानं धरून ठेवतात, पण वॉकरला नाही. टेप घेऊन मोरीचं, संडासचं आणि आईच्या खोलीचं दार मोजा. साधा वॉकर सुमारे चोवीस इंच रुंद असतो. दार त्याहून अरुंद असेल तर अरुंद वॉकर मागवावा लागेल किंवा बिजागरी बदलून दार पूर्ण उघडेल असं करावं लागेल. आई ताठ उभी राहून हात सैल सोडेल तेव्हा वॉकरची मूठ मनगटाच्या घडीशी यायला हवी. दुकानदार देईल त्या उंचीवर वापरू नका, चारही पायांची बटणं सारख्या भोकात बसवा आणि रबरी बूच झिजलंय का ते दर महिन्याला बघा.

उंबरठ्याला सुताराकडून दोन्ही बाजूंनी लाकडी उतार करून घ्या. एक इंच उंचीला बारा इंच लांबी, म्हणजे दोन इंची उंबरठ्याला प्रत्येक बाजूला दोन फूट. इतकी जागा नसेल तर तिथं भिंतीला दांडा ठोका आणि तो उंबरठा आईनं कुणी सोबत असतानाच ओलांडायचा असं ठरवा. भारतीय संडासवर कमोडची खुर्ची बसते. आईच्या गुडघ्याच्या मागच्या घडीपासून जमिनीपर्यंत अंतर मोजा आणि बैठक त्याहून दोन इंच उंच घ्या, म्हणजे बसल्यावर गुडघे खुब्याच्या खाली राहतात. मोरीत घसरवणारी शहाबादी फरशी असेल तर खडबडीत रबरी मॅट, आंघोळीला प्लास्टिकची उंच खुर्ची, भिंतीत पक्के दांडे. नळाला धरून उठायची सवय मोडा, नळ माणसाचं वजन पेलत नाही. पावसाळ्यात आपल्याकडे फरशी दिवसभर ओलसर असते, तेव्हा दारातलं गोणपाट काढा, पाय त्यातच अडकतो. पलंगाजवळ रात्रभर मंद दिवा आणि पहिले काही आठवडे रात्रीपुरता कमोड पलंगाशेजारीच.

पॉट मात्र लवकर सोडवा. सोय म्हणून राहिलेला पॉट पुढे सवय होतो. त्यातही एक गोष्ट बारकाईनं बघा : आई पाणी कमी पितेय का? पुष्कळ आज्या सुनेला त्रास नको म्हणून पाणी तोडतात. मग बद्धकोष्ठ, लघवीचा संसर्ग, आणि त्यातून रात्रीचं भलतं बोलणं. ऑपरेशननंतर वयस्कर माणसात असा तात्पुरता गोंधळ होतो, त्याला वेड म्हणायचं नाही. पण सोळाव्या दिवशी तो टिकून असेल तर डॉक्टरांना सांगा. लघवीची तपासणी, रक्तातलं सोडियम, चालू असलेल्या गोळ्या, तिन्ही बघावं लागेल. तोवर चष्मा आणि ऐकायचं मशीन दिवसभर अंगावर, समोर घड्याळ, दुपारी दोन तास झोप नाही.

इतकं वाचल्यावर ताईंच्या सूचनेकडे वळू. सेंटर वाईट नसतं, पण ते कुणासाठी आहे ते बघायला हवं. पक्षाघातानं एक बाजू गेलेली आहे, बोलणं आणि गिळणं दोन्ही अडलंय, अशा माणसाला फिजिओ, व्यवसायोपचार आणि वाचा-उपचार तिघंही रोज लागतात. त्यात सुधारणेचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सगळ्यात जास्त असतो, तिथं निवासी सेंटरला तोड नाही. मणक्याची इजा, डोक्याची मोठी इजा, पाय कापावा लागलेले, यांचंही तसंच. हृदयविकाराचा झटका किंवा बायपासनंतरचं पुनर्वसन निराळं. तिथं नाडी आणि रक्तदाबावर नजर ठेवून चालणं वाढवतात, आणि तो कार्यक्रम हॉस्पिटलला ये-जा करून होतो. दमेकरी आणि फुप्फुसाच्या जुन्या रोग्यांसाठी आठवड्यातून किमान दोनदा, सहा ते आठ किंवा त्याहून जास्त आठवडे चालणारा श्वासाचा आणि पायांच्या ताकदीचा कार्यक्रम असतो. 'रिहॅब' या एकाच पाटीखाली इतकं वेगवेगळं सामान असतं. व्यसनमुक्ती केंद्रावरही तीच पाटी असते, आईच्या धास्तीचं तेही एक कारण असू शकेल.

एका खुब्याचं ऑपरेशन, सूचना समजणारी आई आणि घरात माणसं असतील तर घरी फिजिओ आणि मग बाह्यरुग्ण विभाग, हा रस्ता बहुतेकांना पुरतो. पहिले तीन-चार आठवडे फिजिओ घरी, आठवड्यातून तीन ते पाच वेळा. रिक्षात बसता येऊ लागलं की ओपीडीत, कारण तिथं समांतर दांडे, पायऱ्या आणि इतर पेशंट असतात. दुसरी बाई काठीवर चालताना दिसली की जे होतं ते आपण समजावून होत नाही. सीपीआरमध्ये म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात किंवा फिजिओथेरपी कॉलेजशी जोडलेल्या ओपीडीत हे परवडतं. पुणे सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढे आहे. आजच्या घडीला चार-पाच तासांचा तो प्रवास आईला जड जाईल, आणि मुख्य म्हणजे तिथं ती दुसऱ्याच संडासात, दुसऱ्याच पायऱ्यांवर शिकेल. परत आल्यावर तुमचे उंबरठे तिथंच असतील.

तरीही सेंटरचा विचार कधी करायचा? दोन माणसांनी धरूनही ती उभी राहत नाही. पाठीला जखम झालीय. गोंधळ वाढतोय. किंवा दिवसा घरात खरंच कुणी नाही. अशा वेळी आधी कोल्हापुरातच, सांगली-मिरजेत चौकशी करा. सेंटरला विचारायचे प्रश्न : रोज प्रत्यक्ष व्यायाम किती मिनिटं आणि तो लिहून द्याल का? रविवारी काय? रात्री किती पेशंटमागे एक माणूस? डॉक्टर रोज येतात की फोनवर? घरच्या माणसाला शिकवायला किती दिवस? सरसकट डायपर लावता का? शेवटच्या प्रश्नाला 'हो, स्वच्छतेसाठी' असं उत्तर आलं तर चहा पिऊन परत या. आणि पहिल्याच दिवशी घरी सोडायची तारीख कागदावर ठरवणारं सेंटर निवडा. ती तारीख आईला दाखवली तर वृद्धाश्रमाची भीती निम्मी होईल.

आता तुमच्या पत्नींच्या नोकरीचं. 'तयार आहे' असं तुम्ही लिहिलंय, पण हिशेब केलेला दिसत नाही. व्यायाम तीन वेळा वीस मिनिटं, चालणं सहा वेळा दहा मिनिटं, आंघोळ, संडासच्या खेपा, असे दिवसाचे चार-पाच तास भरतात आणि महिन्या-दीड महिन्यात ते झपाट्यानं कमी होतात. सहा आठवड्यांच्या कामासाठी कायमची नोकरी सोडायची? त्यांनी शाळेत रजेचं विचारावं. सकाळची आंघोळ आणि रात्रीची संडासची खेप तुम्ही घ्या. आईला संकोच वाटेल, तर आंघोळीला बाई ठेवा आणि चालवणं तुम्ही घ्या. दिवसाला मावशी ठेवली तर तिला फिजिओसमोर उभं करून शिकवा. न शिकवलेली मावशी प्रेमानं सगळं स्वतः करते आणि आई पुन्हा खाटेवरच राहते.

जेवणात प्रथिनं मोजा. पन्नास किलोच्या बाईला या काळात दिवसाला साठ ग्रॅमच्या आसपास हवीत. मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टरांना विचारून. एका अंड्यात सहा, एका पेलाभर दुधात आठ, मूठभर शेंगदाण्यांत सहा-सात ग्रॅम. भाकरी आणि आमटीवर हा आकडा गाठत नाही. पांढरा रस्सा जिभेला चांगला, पण प्रथिनं फोडीत असतात, तेव्हा वाटीत चार मऊ फोडीही पडू द्या. आणि साध्या घसरण्यानं खुबा मोडला म्हणजे हाडं ठिसूळ आहेत, हे गृहीत धरून डॉक्टरांना ठिसूळपणाच्या औषधाबद्दल विचारा. आठवड्याला एक गोळी किंवा वर्षाला एक सलाईन, असे पर्याय असतात. कॅल्शियम-डीची गोळी एकटी पुरत नाही. हा प्रश्न डिस्चार्जच्या गडबडीत हमखास राहून जातो आणि मग दुसरा खुबा मोडतो.

सत्तरीपुढच्यांसाठी आयुष्मान वय वंदना कार्ड काढून ठेवा. वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण उत्पन्न न बघता मिळतं, पण ते दाखल झालेल्या उपचारांना, घरी येणाऱ्या फिजिओला नाही. ज्या वाचकांचं कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत आहे, त्यांच्या घरातल्या ६५ वर्षांपुढच्यांना मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून वॉकर-कमोडसारख्या साधनांसाठी एकदा तीन हजार रुपये मिळू शकतात.

पुतण्याचं उत्तर सरळ 'नाही' असं आहे. जोडलेली शीर (इथं रक्तवाहिनी नव्हे, बोट हलवणारा दोर, म्हणजे टेंडन) पहिल्या काही आठवड्यांत फार नाजूक असते. हलवली नाही तर आजूबाजूला चिकटते, जोरात हलवली तर तुटते. या दोन्हींमधला रस्ता हातावर काम करणाऱ्या व्यवसायोपचार तज्ज्ञाला किंवा तसं प्रशिक्षण घेतलेल्या फिजिओलाच माहीत असतो. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांकडूनच नाव घ्या. स्प्लिंट साधारण सहा आठवडे रात्रंदिवस, खाज आली तरी. मित्रांनी आणून दिलेला रबरी चेंडू सध्या कपाटात, मूठ आवळण्याची घाई हेच शीर तुटण्याचं नेहमीचं कारण. जड वस्तू बारा आठवड्यांपर्यंत नाही. कारखान्यातलं काम पुन्हा पेलायचं तर शेवटचे काही आठवडे त्याच वजनाचा, त्याच हालचालीचा सराव लागेल, तेही पुनर्वसनातच धरतात. त्याच्या पगारातून ईएसआय (कामगार विमा) कापला जात असेल तर अपघाताची नोंद मालकाकडून गेलीय ना ते आजच बघा. कामावर न जाता येण्याच्या काळात सरासरी रोजच्या वेतनाच्या ९० टक्के भत्ता मिळतो. नोंद नसेल तर पुढे भांडत बसावं लागतं.

ज्यांची इजा कायमची आहे, त्यांच्यासाठी एक गोष्ट. आपल्याच गावात नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली हेल्पर्स ऑफ द हँडीकॅप्ड ही अपंगांसाठीची संस्था उभी केली, आणि त्या स्वतः व्हीलचेअरवर होत्या. चाकांच्या खुर्चीवर शिक्षण, नोकरी, घर चालवणं कसं बसवायचं हे विचारायला कोल्हापूरकराला लांब जावं लागत नाही.

पोटरी एका बाजूनं सुजून गरम आणि दुखरी झाली, एकदम धाप लागली, छातीत दुखलं, जखमेतून पाणी किंवा ताप आला, तर फिजिओची वाट न बघता हॉस्पिटल.

ताईंना हे पत्र वाचून दाखवा. सेंटरला द्यायचे पैसे त्यांनी रोजच्या चांगल्या फिजिओला आणि मोरीच्या दुरुस्तीला द्यावेत, आणि जमलं तर पहिले दोन आठवडे स्वतः येऊन राहावं. आईला मात्र आजच विचारा, बरी झाल्यावर पहिल्यांदा कुठं जायचंय. अंबाबाईला म्हणाली तर नवरात्राची गर्दी सोडून साधा दिवस धरा, आणि देवळाच्या पायऱ्या किती ते तुम्ही आधी जाऊन मोजून या. तेवढ्या पायऱ्यांचा सराव फिजिओला यादीत घालायला सांगा.